कारण लेखी द्या

एखादा आरोपी उच्च न्यायालयातून सुटला की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत तीन शब्द ठरलेले असतात : ‘तांत्रिक मुद्द्यावर सुटका’. खाली तपशील असतो. अटकेचा आधार लेखी दिला नव्हता. चोवीस तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे हजर केले नव्हते. स्थानबद्धतेच्या आदेशाला जोडलेली कागदपत्रे त्याला वाचता न येणाऱ्या भाषेत होती. वाचणाऱ्याच्या डोक्यात तिडीक जाते. गुन्हा घडला की नाही हे राहिले बाजूला आणि एका कागदापायी माणूस मोकळा फिरतोय, असे त्याला वाटते. ज्याच्या घरी दरोडा पडला, जिच्या मुलीला गल्लीतल्या गुंडाने वाटेत अडवले, त्यांना हा न्यायाचा खेळखंडोबा वाटला तर त्यांना बोल लावता येणार नाही.

तरीही ‘तांत्रिक’ म्हणून हिणवल्या जाणाऱ्या या गोष्टींच्या बाजूने मला ठामपणे बोलायचे आहे. नागरिकाला कोठडीत टाकताना त्याला ताबडतोब, लेखी आणि समजेल अशा भाषेत कारण सांगायचे, आणि ते कारण आपल्या हाताखाली नसलेल्या माणसापुढे मांडायचे, या एका सक्तीवर बाकीचे मूलभूत हक्क उभे आहेत. ही सक्ती जिथे सैल झाली तिथे सरकारच्या अधिकाराला दुसरी कुठलीही मर्यादा फार काळ टिकलेली नाही. आपल्या संविधानात ती एका जागी मुळातच सैल ठेवलेली आहे. ती आवळणारी दुरुस्ती संसदेने १९७८ मध्ये मंजूर केली. ती आजही अमलात आलेली नाही.

हक्कांची चर्चा आपण बहुधा अनुच्छेद १४ ची समानता, १९ चे भाषणस्वातंत्र्य, २१ चे जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्य अशी करतो. रात्री दोन वाजता ठाण्यातल्या बाकावर बसवून ठेवलेल्या माणसाच्या हाताशी यातले काही येत नाही. त्याला साध्या गोष्टी हव्या असतात. मला कशासाठी आणले? मी कुणाला बोलावू शकतो? पोलिसांखेरीज दुसऱ्या कुणापुढे मला कधी नेणार? अनुच्छेद २२ च्या पहिल्या दोन खंडांत याची उत्तरे आहेत. अटकेची कारणे शक्य तितक्या लवकर कळवावीत, पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेऊ द्यावा, आणि प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत जवळच्या न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे. त्यापुढे एक तासही ठेवायचे असेल तर हुकूम न्यायदंडाधिकाऱ्याचा हवा.

कागदावर हे स्वच्छ आहे. ठाण्यात मात्र ‘अटक’ हा शब्दच उशिरा उमटतो. माणसाला आधी ‘चौकशीसाठी बोलावलेले’ असते, मग ‘ताब्यात घेतलेले’ असते आणि स्टेशन डायरीत अटकेची वेळ दुसऱ्या दिवशीची पडते. चोवीस तासांचे घड्याळ तिथून सुरू होते. या पळवाटा बुजवण्यासाठीच १९९६ मध्ये डी. के. बसू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बारीकसारीक नियम घालून दिले. अटक करणाऱ्याच्या छातीवर नावाची पट्टी दिसली पाहिजे, अटकेच्या वेळीच कागद तयार होऊन त्यावर साक्षीदाराची सही हवी, नातेवाइकाला कळवले पाहिजे, दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी हवी. २०२० मध्ये न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही लावायला सांगितले. एकेक नियम वाचताना त्यामागचा एकेक प्रसंग डोळ्यांपुढे येतो. नावाची पट्टी सक्तीची करावी लागली, कारण मारणारा कोण होता हे सांगता येत नव्हते.

लेखी कारणाचे मोल काय असते हे पाहायला मी नेहमी नागपूरच्या एका प्रकरणाकडे जातो. हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य, सर्वोच्च न्यायालयाचा १९६२ चा निकाल. पुढे गुन्हा करील म्हणून खटल्याविना अडकवू देणाऱ्या प्रतिबंधक स्थानबद्धता कायद्याखाली हरिकिसन यांना पकडले. कारणांचा दस्तऐवज टंकलिखित चौदा पानांचा, तोही इंग्रजीत, आणि त्यात तेरा वर्षांतल्या हालचालींचा पाढा. त्यांना इंग्रजी येत नव्हते. त्यांनी हिंदी भाषांतर मागितले. जिल्हादंडाधिकाऱ्यांचे उत्तर असे की शासनाची अधिकृत भाषा इंग्रजी आहे आणि आदेश देताना पोलीस अधिकाऱ्याने मजकूर तोंडी समजावून सांगितला आहे. सर्वोच्च न्यायालयाने स्थानबद्धता रद्द केली. चौदा पानांतले तेरा वर्षांचे आरोप एकदा कानांवर पडले म्हणून माणूस त्यांना उत्तर देऊ शकेल, हे न्यायालयाने मानले नाही.

त्या चौदा पानांतला प्रत्येक आरोप खरा असेल असे क्षणभर धरून चालू. तरी तो माणूस त्यातला एकही खोडून काढू शकत नव्हता, कारण त्याला ते वाचताच येत नव्हते. आणि त्यातले चार आरोप चुकीचे असते, दुसऱ्या कुणाच्या नावावरचे त्याच्या नावावर चढले असते, तर ते कळायला कुठलाच मार्ग उरत नव्हता. कारण लेखी देण्याने आरोपीवर मेहेरबानी होत नाही. सरकारची चूक पकडली जाण्याची ती पहिली जागा असते.

हे प्रकरण साठ वर्षांपूर्वीचे, आता तसे होत नाही, असे कुणाला वाटत असेल तर गेल्या दोन-तीन वर्षांतले निकाल पाहावेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये पंकज बन्सल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सक्तवसुली संचालनालयाला बजावले की अटकेचा आधार नुसता वाचून दाखवून भागणार नाही, प्रत हातात द्या. मे २०२४ मध्ये प्रबीर पुरकायस्थ प्रकरणात हेच तत्त्व यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याखालच्या अटकेला लागू झाले. तिथे आरोपीला पहाटेच न्यायाधीशांपुढे उभे करून कोठडी घेण्यात आली होती, आणि अटकेच्या कागदावर सगळ्यांनाच लागू पडतील अशी छापील कारणे होती. पुरावे नष्ट होऊ नयेत, तपास नीट व्हावा, वगैरे. या माणसाने नेमके काय केले, ते त्यात नव्हते. न्यायालयाने अटक बेकायदा ठरवली. नोव्हेंबर २०२५ मध्ये, मुंबईतल्या एका अपघाताच्या प्रकरणातून वर गेलेल्या निकालात, हा नियम सगळ्या गुन्ह्यांना लागू झाला. आधार लेखी हवा, आरोपीला समजणाऱ्या भाषेत हवा, आणि तातडीमुळे लगेच देता आला नाही तर कोठडीसाठी हजर करण्याच्या किमान दोन तास आधी तरी द्यायला हवा. १९५० पासून संविधानात असलेली गोष्ट ठाण्याच्या टेबलापर्यंत पोहोचायला पंचाहत्तर वर्षे लागली.

यावर नेहमीचा आक्षेप असा की, हे सगळे मुद्दे काढतात बड्या वकिलांचे बडे अशील. वर दिलेल्या यादीतही बांधकाम व्यावसायिक आणि संपादक आहेत, मजूर नाही. आक्षेप खरा आहे. पण यातून निघणारा निष्कर्ष मला उलटा दिसतो. ज्याच्याकडे वकील आहे त्याला आपल्यावर काय आरोप आहे हे कागदाशिवायही दोन फोनमध्ये कळते. कागदाची खरी गरज आहे ती पीसीआर (पोलीस कोठडी) झाली की एमसीआर (न्यायालयीन कोठडी) झाली एवढेही न समजता कोर्टाच्या व्हरांड्यातून परत व्हॅनमध्ये चढणाऱ्याला. त्याची बायको तो कागद घेऊन विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलाकडे जाऊ शकते. कागद नसेल तर ती तिथे जाऊन सांगणार तरी काय? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या तुरुंगविषयक आकडेवारीनुसार २०२२ च्या अखेरीस देशातल्या ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते. शंभरातले पंचाहत्तर जण दोषी न ठरताच आत. त्यांतल्या कितीजणांनी अटकेच्या दिवशी आपल्यावरचा आरोप लेखी पाहिला असेल?

दुसरा आक्षेप पीडितांच्या बाजूने येतो आणि तो अधिक गंभीर आहे. पण त्यात एक गैरसमज आहे. अटक बेकायदा ठरली म्हणून खटला संपत नाही. गुन्हा तसाच उभा राहतो, आरोपपत्र तसेच चालते, आणि लेखी आधार देऊन तपासयंत्रणा पुन्हा कोठडी मागू शकते. पीडितेला न्याय मिळण्याच्या आड येतो तो पुरावा न जमवणारा तपास. अटकेच्या क्षणी ‘या माणसाविरुद्ध आपल्याकडे नेमके काय आहे’ हे लिहून काढायला लागल्याने तपास बिघडत नाही, उलट त्याला शिस्त लागते.

एवढे झाले ते नेहमीच्या अटकेबद्दल. सक्ती खरोखर जिथे सुटते ती जागा पुढच्या खंडात आहे. अनुच्छेद २२ चा तिसरा खंड म्हणतो की प्रतिबंधक स्थानबद्धतेच्या कायद्याखाली पकडलेल्याला पहिल्या दोन खंडांतले काहीही लागू नाही. वकील नाही, चोवीस तास नाहीत, न्यायदंडाधिकारी नाही. त्याऐवजी शक्य तितक्या लवकर कारणे कळवायची, निवेदन करण्याची संधी द्यायची, आणि तीन महिन्यांपेक्षा जास्त ठेवायचे तर सल्लागार मंडळाचे मत घ्यायचे. सहाव्या खंडाप्रमाणे, उघड करणे लोकहिताविरुद्ध आहे असे अधिकाऱ्याला वाटेल ती माहिती दाबूनही ठेवता येते. गुन्हा न करताही, पुढे करशील म्हणून, खटल्याविना तुरुंगात टाकण्याची ही सत्ता. ती मूलभूत हक्कांच्या प्रकरणातच, शांततेच्या काळासाठीही लिहून ठेवलेली आहे. मला हे आजही अस्वस्थ करते.

महाराष्ट्राला ही सत्ता ब्रिटिशांपासून ओळखीची आहे. जून १८९७ मध्ये पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली. पुढच्याच महिन्यात सरकारने एकीकडे टिळकांना धरले आणि दुसरीकडे सरदार नातू बंधूंना. टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. न्यायमूर्ती स्ट्रेची यांच्यापुढे झालेला तो खटला न्याय्य होता असे कोणी म्हणणार नाही. सहा युरोपीय ज्यूरींनी दोषी म्हटले, तीन भारतीयांनी निर्दोष, आणि अठरा महिन्यांची शिक्षा झाली. पण आरोप काय, पुरावा काय, न्यायाधीशाने कायद्याचा अर्थ कसा लावला, हे सगळे नोंदले गेले. त्यावर तेव्हा टीका झाली, आजही होते. राजद्रोहाच्या कलमातल्या ‘अप्रीती’ या शब्दाचा स्ट्रेचींनी लावलेला अर्थ पुढे कित्येक वर्षे वकिलांनी आणि पुढाऱ्यांनी खोडून काढला. नातू बंधूंना मात्र मुंबई इलाख्याच्या १८२७ च्या पंचविसाव्या रेग्युलेशनखाली उचलले होते. आरोपपत्र नाही, साक्षीदार नाही, न्यायाधीश नाही. मालमत्तेवर जप्ती आली. त्यांच्यावर झालेल्या अन्यायाविरुद्ध लढायला धरून लढता येईल असे एक वाक्यही सरकारने मागे ठेवले नाही. वाईट खटला आणि खटलाच नसणे यांत केवढा फरक आहे, हे एकाच शहरात, एकाच महिन्यात दिसले. त्या डिसेंबरात अमरावतीला भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाने अशा रेग्युलेशनांविरुद्ध ठराव केला होता.

ज्यांनी हे भोगले होते त्यांच्याच पिढीने संविधान लिहिले, आणि तरी ही सत्ता आत आली. कशी आली हे नीट पाहण्यासारखे आहे. १९४७ च्या मसुद्यात स्वातंत्र्य हिरावण्यासाठी ‘यथोचित प्रक्रिया’ हवी, अशी अमेरिकी धाटणीची तरतूद होती. घटनात्मक सल्लागार बी. एन. राव अमेरिकेत न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांना भेटून आले, आणि त्याजागी जपानच्या संविधानातून घेतलेली ‘कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती’ आली. म्हणजे संसदेने कायद्यात जी पद्धत लिहिली ती पुरेशी. पद्धतच अन्यायी असेल तर न्यायालयाने काय करायचे, याचे उत्तर त्यात नव्हते. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत यावर घनघोर चर्चा झाली. आंबेडकरांनी दोन्ही बाजूंचे धोके मांडले आणि निर्णय सभेवर सोडला. सभागृहात आणि बाहेरही त्यावरून इतकी नाराजी होती की १५ सप्टेंबर १९४९ रोजी आंबेडकरांनी एक नवा अनुच्छेद आणला. आजचा २२ तो हाच. पूर्वीच्या तरतुदीने संसदेला अटकेबाबत हवा तसा कायदा करण्याची पूर्ण मोकळीक मिळाली आहे आणि त्याची ही भरपाई आहे, असे त्यांनी उघडपणे सांगितले.

भरपाई अपुरी आहे हे तेव्हाच काहींना दिसले होते. संविधान सभेचे सदस्य महावीर त्यागी ब्रिटिशांच्या तुरुंगात राहिलेले. मसुदा समितीच्या सदस्यांनी कधी स्थानबद्धतेचा अनुभव घेतला असता तर बरे झाले असते, असे ते आंबेडकरांना म्हणाले, आणि तुम्ही स्वतःच्या हातांनी घडवत असलेले संविधानच तो योग तुमच्या हयातीत आणील, असेही. प्रजासत्ताक जाहीर होऊन महिना झाला तोच, फेब्रुवारी १९५० मध्ये, प्रतिबंधक स्थानबद्धता कायदा मंजूर झाला. कायदा एक वर्षाचा म्हणून आला आणि मुदतवाढ घेत घेत १९६९ अखेरपर्यंत जगला. १९७१ मध्ये मिसा हा अंतर्गत सुरक्षेचा कायदा आला, १९७४ मध्ये तस्करीविरोधी कॉफेपोसा, १९८० मध्ये राष्ट्रीय सुरक्षा कायदा. यात काँग्रेसही आहे आणि काँग्रेसला तुरुंगातून विरोध केलेले पक्षही आहेत. विरोधात असताना या कायद्यांवर तुटून पडायचे आणि सत्तेत आल्यावर तेच वापरायचे, याला अपवाद फार थोडे.

आणीबाणीत सरकारने पहिल्याच आठवड्यात काय केले हे मला सगळ्यांत बोलके वाटते. वटहुकमाने मिसात एक कलम घालण्यात आले की, स्थानबद्ध केलेल्याला कारणे कळवण्याची गरज नाही. सत्तेला कुठली अडचण वाटते हे तिने स्वतःच दाखवून दिले. आणीबाणीतल्या गैरप्रकारांची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाच्या अहवालाप्रमाणे त्या काळात मिसाखाली जवळपास पस्तीस हजार माणसे आत गेली. नऊ उच्च न्यायालयांनी, त्यांत मुंबईही होते, निदान आदेश कायद्याला धरून आहे का हे आम्ही तपासू असे सांगितले. सर्वोच्च न्यायालयाने २८ एप्रिल १९७६ रोजी चार विरुद्ध एक मतांनी तेही दार बंद केले. सुनावणीत न्यायमूर्ती एच. आर. खन्ना यांनी महान्यायवादींना विचारले होते की, एखाद्या पोलिसाने वैयक्तिक वैरातून कुणाचा जीव घेतला तर दाद कुठे मागायची? आणीबाणी आहे तोवर कुठेही नाही, असे उत्तर आले. एकटे खन्ना विरोधात गेले. पुढच्या जानेवारीत त्यांची ज्येष्ठता डावलून बेग यांना सरन्यायाधीश केले गेले आणि खन्नांनी राजीनामा दिला. तो निकाल चुकीचा होता असे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट शब्दांत म्हटले ते २०१७ मध्ये, खासगीपणाच्या हक्काच्या निकालात.

मधल्या काळात एक चांगली गोष्ट झाली. १९७७ मध्ये मेनका गांधींचा पासपोर्ट जप्त झाला, त्यांनी कारण विचारले आणि लोकहितासाठी कारण सांगता येत नाही असे उत्तर मिळाले. जानेवारी १९७८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की कार्यपद्धती नुसती कायद्यात असून चालणार नाही, ती न्याय्य, उचित आणि वाजवी हवी. संविधान सभेने गाळलेली गोष्ट न्यायालयाने तीस वर्षांनी परत आणली. त्याच सुमारास चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने आणीबाणीतही अनुच्छेद २० आणि २१ निलंबित करता येणार नाहीत अशी तरतूद केली. पण स्थानबद्धतेच्या मुळाला यातल्या कशानेही हात लागला नाही.

आज महाराष्ट्रात ही सत्ता सर्वाधिक दिसते ती एमपीडीएच्या रूपात. १९८१ चा कायदा, झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले आणि अमली पदार्थांचे गुन्हेगार यांच्यासाठी केलेला. नंतर ‘धोकादायक व्यक्ती’ त्यात आल्या आणि यादी वाढत गेली. ‘कुख्यात गुंड एक वर्षासाठी स्थानबद्ध’ ही बातमी आता जिल्हा आवृत्त्यांत नेहमीचीच झाली आहे, सोबत पोलीस आयुक्तांच्या धडाकेबाज कारवाईचे कौतुक. असा प्रस्ताव तयार कसा होतो? ठाण्यातून माणसावरचे जुने गुन्हे जमवले जातात. त्यांतले बरेच न्यायप्रविष्ट, काहींत जामीन झालेला. आधीच्या चॅप्टर केसेस, म्हणजे चांगल्या वर्तनाची हमी घेण्याच्या प्रतिबंधक कारवाया, आणि तडीपारीचे आदेश जोडले जातात. मग दोन गोपनीय जबाब येतात, साक्षीदार ‘अ’ आणि साक्षीदार ‘ब’. नावे नाहीत, पत्ते नाहीत. मजकूर बहुधा असा की, अमुक महिन्यात संध्याकाळच्या सुमारास त्याने हत्यार दाखवून पैसे मागितले, लोक दुकाने बंद करून पळाले, भीतीपोटी तक्रार दिली नाही. वरचा अधिकारी जबाबांवर ‘पडताळणी केली’ असा शेरा मारतो. फाइल आयुक्तांकडे किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते, त्यांचे ‘समाधान’ होते आणि आदेश निघतो. बारा महिने, कधी कधी घरापासून शेकडो किलोमीटर दूरच्या कारागृहात.

कारणे त्याला पाच दिवसांत मिळतात. पण ‘अमुक महिन्यात, संध्याकाळच्या सुमारास’ याला उत्तर काय देणार? त्या संध्याकाळी मी गावी होतो हे सांगायला आधी संध्याकाळ कुठली ते कळायला हवे. सल्लागार मंडळापुढे वकील उभा करण्याचा हक्क नाही. न्यायालयही पुरावा पुरेसा आहे का हे तपासत नाही, अधिकाऱ्याचे समाधान प्रामाणिक आणि प्रक्रियेला धरून होते का एवढेच पाहते. म्हणून स्थानबद्धाच्या वकिलाला लढायला उरते ती प्रक्रियाच. भाषांतर दिले का, निवेदनावर वेळेत निर्णय झाला का, शेवटचा गुन्हा आणि आदेश यांत सहा महिन्यांची खिंड का पडली. बातमीतला ‘तांत्रिक मुद्दा’ इथून येतो. मूळ आरोपाबद्दल बोलायची सोय कायद्यानेच ठेवलेली नाही.

पोलिसांची बाजू मला माहीत आहे आणि ती पोकळ नाही. वस्तीतला दादा खरा असतो. त्याच्याविरुद्ध साक्ष द्यायला कोणी पुढे येत नाही, आलाच तर कोर्टात फिरतो, आणि आठवड्याभरात जामिनावर सुटलेला दादा पुन्हा त्याच नाक्यावर उभा राहतो. त्या वस्तीतल्या बाईला अनुच्छेद २२ ची व्याख्याने नकोत, रात्री निर्धास्त झोप हवी. पण मग साक्षीदार संरक्षणाची योजना सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येच मान्य करून सगळ्या राज्यांना लागू केली आहे, ती ठाण्यापर्यंत का पोचत नाही? जामिनाचा गैरवापर झाला तर जामीन रद्द करून घेण्याचा अर्ज का होत नाही? तेलंगणातल्या एका प्रकरणात २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नेमके हेच सुनावले. जामीन मिळाला ही अडचण असेल तर जामिनाविरुद्ध जा, स्थानबद्धता हा त्यावरचा उपाय नव्हे. साधा गुन्हा म्हणजे कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न आणि सबंध समाजाचे जगणे विस्कळीत होणे म्हणजे सार्वजनिक सुव्यवस्थेचा, हा भेद १९६५ मध्ये राममनोहर लोहियांच्या प्रकरणात न्यायालयाने घालून दिला होता. आजही उच्च न्यायालयात आदेश कोसळतात ते याच भेदावर, कारण ठाण्यातले दोन गुन्हे म्हणजे सार्वजनिक सुव्यवस्थेला धोका, असे लिहिण्याची सवय सुटलेली नाही. आणि एक वर्षाने दादा परत येतो तेव्हा त्याच्यावरचे मूळ खटले जिथे होते तिथेच असतात. वस्तीतल्या बाईला बारा महिन्यांची उसंत मिळाली, न्याय मिळाला नाही.

शिवाय हत्यार एकदा हाताशी आले की ते दादापुरते राहत नाही. अंगावर दोन राजकीय गुन्हे असलेला कार्यकर्ता आणि खंडणीचे दोन गुन्हे असलेला गुंड प्रस्तावाच्या कागदावर सारखेच दिसू शकतात.

वेळेचा प्रश्न तर याहून जिवाला लागणारा आहे. बारा महिन्यांच्या स्थानबद्धतेविरुद्ध केलेली याचिका आठ-नऊ महिन्यांनी ऐकली गेली आणि आदेश बेकायदा ठरला, तर त्या माणसाने काय जिंकले? हजेरीवर काम करणाऱ्याची नोकरी गेलेली, मुलांची शाळा तुटलेली. भरपाईचा कायदा आपल्याकडे नाही. १९८३ मध्ये रुदुल शाह यांना निर्दोष सुटूनही चौदा वर्षे तुरुंगात ठेवल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने ३५ हजार रुपये द्यायला लावले, १९८५ मध्ये आमदार भीमसिंग यांना ५० हजार. हे न्यायालयाने स्वतःहून काढलेले मार्ग आहेत. १९७९ मध्ये नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात सामील होताना, बेकायदा अटकेच्या भरपाईचा हक्क आमच्या कायदेपद्धतीत नाही, असे भारताने नोंदवून ठेवले. ते अजून तसेच आहे.

आता त्या न अमलात आलेल्या दुरुस्तीकडे. चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीच्या कलम ३ ने सल्लागार मंडळाशिवाय ठेवण्याची मुदत तीन महिन्यांवरून दोन महिन्यांवर आणली. मंडळाविना त्याहून जास्त काळ ठेवण्याची मुभा देणारा संसदेचा अधिकार काढला. आजच्या तरतुदीप्रमाणे मंडळावर उच्च न्यायालयाचा न्यायाधीश होण्यास पात्र असलेली व्यक्ती, म्हणजे सरकारने निवडलेला ज्येष्ठ वकीलही चालतो. दुरुस्तीप्रमाणे मंडळ उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींच्या शिफारशीनुसार नेमले जाईल, अध्यक्ष विद्यमान न्यायाधीश असेल आणि बाकीचे विद्यमान किंवा निवृत्त न्यायाधीश. स्थानबद्धतेचे प्रकरण ज्याने पाहायचे तो माणूस स्थानबद्ध करणाऱ्याने निवडलेला नसावा, एवढेच त्यात आहे. बाकीची दुरुस्ती १९७९ मध्ये लागू झाली. या कलमाची तारीख ठरवणे केंद्रावर सोडले होते, आणि त्यानंतर आलेल्या एकाही सरकारने ती ठरवली नाही. ए. के. रॉय प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे हा प्रश्न आला तेव्हा सरकारला तारीख ठरवण्याचा आदेश देता येणार नाही, असे बहुमताने म्हटले. त्यालाही आता चार दशके उलटून गेली.

मला स्थानबद्धतेची सत्ता मुळातून गेलेली हवी आहे. शांततेच्या काळात ती लोकशाहीत बसत नाही असे माझे मत आहे. तेवढे होत नसेल तर निदान संसदेने मंजूर केलेले तरी लागू करा. त्यासाठी दोन तृतीयांश बहुमत लागत नाही, राज्यांची संमती लागत नाही, राजपत्रातली एक अधिसूचना पुरते. राज्याच्या हातात असलेली गोष्ट त्याहून सोपी आहे. एमपीडीएखाली दर वर्षी किती आदेश निघाले, त्यांतले किती सल्लागार मंडळाने फिरवले, किती उच्च न्यायालयाने रद्द केले, आणि रद्द होईपर्यंत प्रत्येकाने किती दिवस आत काढले होते, याचा तक्ता गृहविभागाने दर वर्षी विधिमंडळात ठेवावा. प्रत्येक आदेश शासनाच्या मंजुरीसाठी मंत्रालयात जातोच, त्यामुळे ही माहिती फायलींत आहे. ती सभागृहापुढे मांडायला नवा कायदा करावा लागणार नाही.